चौदा साड्या, एकेचाळीस पिशव्या आणि शून्य वजावट

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे तुलनेसाठी गोळाबेरीज करून घेतले आहेत.)

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतलं मराठी जोडपं, मिलिंद आणि सुजाता. दोघंही पन्नाशीतले, दोघंही नोकरी करणारे. वीस वर्षं एकाच घरात. मोठी मुलगी नोकरीला लागली, धाकटा कॉलेजला गेला. मिलिंदची आई शेवटची नऊ वर्षं त्यांच्याकडेच होती. ती 2024 च्या वसंतात गेली.

उन्हाळा सरल्यावर बेसमेंट रिकामं करायला घेतलं. मुलांचे लहानपणचे कपडे, स्नोसूट, बंद पडलेले दोन प्रिंटर, भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी घेतलेली घडीची पलंगं, कधीच न वापरलेला डिनर सेट आणि आईंची लोखंडी ट्रंक. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये चार फेऱ्या झाल्या: 23 नोव्हेंबर, 7 आणि 14 डिसेंबर आणि अगदी शेवटी 31 डिसेंबरला संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या आत. एकूण एकेचाळीस पिशव्या आणि थोडं फर्निचर. सगळं जवळच्या एका धर्मादाय थ्रिफ्ट दुकानात, म्हणजे दानात आलेल्या वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या दुकानात गेलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये दोघं माझ्याकडे आले. मी परवानाधारक कर सल्लागार आहे. माझ्याकडे येणारी निम्मी घरं मराठी, म्हणजे फाइलसोबत डबाही येतो. या वेळी डब्यासोबत एक एक्सेल शीटही होती. तळाशी ठळक अक्षरांत 11,840 डॉलर: दान दिलेल्या वस्तूंची किंमत, जी त्यांना 2024 च्या करात वजावट म्हणून हवी होती.

अडचण काय होती

सुजाताताईंनी शीट मन लावून केली होती, हे आधी सांगायला हवं. बरेच लोक "कपडे, 500" एवढंच तोंडी सांगतात. हिच्यात पाच गट होते:

रोजचे कपडे 3,460
साड्या, 14 नग, 4,200
फर्निचर आणि स्वयंपाकघर 2,730
इलेक्ट्रॉनिक्स 950
भारतात नेलेले कपडे आणि ब्लँकेटं 500

किमती कशा लावल्या, म्हणून विचारलं. "खरेदीच्या निम्म्या," मिलिंद म्हणाले. हा 'निम्म्याचा नियम' मी इतक्या घरांत ऐकलाय, की तो कुठल्या तरी कायद्यात असावा असं आता मलाच वाटायला लागेल. तो कुठेच नाही. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, पब्लिकेशन 561 मध्ये उलट स्पष्ट म्हटलंय की वापरलेल्या कपड्यांची किंमत काढायला ठरलेलं सूत्र नाही. आज तशी वस्तू तशा अवस्थेत दुकानात ठेवली तर गिऱ्हाईक काय देईल, तीच किंमत.

शिवाय 2006 पासून कायद्यात एक अट आहे: कपडे आणि घरगुती वस्तू 'चांगल्या वापरलेल्या अवस्थेत' किंवा त्याहून बऱ्या हव्यात. डाग पडलेला टॉवेल दिला तर दान होतं, वजावट होत नाही.

आणि सगळ्यात वरची गोष्ट म्हणजे वजावट मिळायची तर शेड्यूल ए भरून आयटेमाइज करावं लागतं, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवावी लागते. 2024 साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट, 29,200 डॉलर होतं. ते काही न दाखवता मिळतं. तुमची बेरीज त्याच्या वर गेली तर वरच्या भागाचाच फायदा.

त्यांची वस्तू वगळून बेरीज अशी होती. प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा आयकर मिळून 19,300 भरले होते, पण त्या वर्षी त्यावर 10,000 ची मर्यादा होती, म्हणून 10,000. घरकर्जाचं व्याज 12,800. मंडळ, मंदिर, मुलांची शाळा यांना दिलेले पैसे 2,150. एकूण 24,950. म्हणजे स्टँडर्ड डिडक्शनच्या 4,250 खाली.

वस्तूदानाचे पहिले 4,250 डॉलर फक्त हा खड्डा भरण्यात जाणार होते. शीटवरचा आकडा जसाच्या तसा धरला असता तर 7,590 वर उरले असते आणि त्यांच्या 22 टक्क्यांच्या पट्ट्यात साधारण 1,670 डॉलर वाचले असते. त्यांच्या डोक्यात हाच आकडा होता. न्यू जर्सीच्या राज्य करात कपड्यालत्त्याच्या दानाला वजावट नाही, तेव्हा तिकडून काही मिळण्याची आशा नव्हतीच.

कोणते पर्याय तोलले

पहिला पर्याय त्यांचा: शीट आहे तशी लावा. "सगळेच लावतात, दादा," असं सुजाताताई म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.

मी त्यांना नियमाच्या पायऱ्या सांगितल्या. एका वेळी 250 डॉलर किंवा जास्तीची देणगी असेल तर संस्थेचं लेखी पत्र हवं, त्यात वस्तूंचं वर्णन आणि बदल्यात काही मिळालं की नाही हे हवं, आणि ते रिटर्न भरण्याआधी हातात हवं. वर्षाच्या वस्तू मिळून 500 च्या वर गेल्या तर वस्तूदानाचा फॉर्म 8283. एका प्रकारच्या वस्तू मिळून 5,000 च्या वर गेल्या तर पात्र मूल्यांककाचा अहवाल, फॉर्मवर त्याची आणि संस्थेची सही.

इथे मिलिंद थांबले. "पण एक शर्ट पंधरा डॉलरचा. पाच हजार कुठून आले?" एका प्रकारच्या वस्तू एकत्र मोजतात, आणि आयआरएसच्या सूचनांमध्ये उदाहरणादाखल 'कपडे' हा शब्दच आहे. वेगवेगळ्या संस्थांना दिले तरी बेरीज एकच. कपडे 3,460 आणि साड्या 4,200, म्हणजे 7,660. मूल्यांककाशिवाय हा सगळा गट उडाला असता.

मग एक आडवाट सुचली: प्रत्येक फेरी 250 च्या आत दाखवायची, म्हणजे पत्राची कटकट नाही. ही वाट आधी कोणी तरी चाललंय. 2015 मध्ये टॅक्स कोर्टाने एका जोडप्याची 37 हजार डॉलरच्या वरची वस्तूदानाची वजावट नाकारली. प्रत्येक देणगी 250 च्या आतली होती, असं ते म्हणत होते. तेवढा आकडा गाठायला किती फेऱ्या माराव्या लागतील याचा हिशेब कोर्टानेच केला आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं नाही असं ठरवलं.

दुसरा पर्याय: खऱ्या किमती लावून बेरीज परत करायची. तिसरा: वस्तूंचा विषय सोडून सरळ स्टँडर्ड डिडक्शन घ्यायचं. मला तिसऱ्याचा वास तेव्हाच आला होता, पण शीटवर इतके कष्ट घेतलेल्या माणसांना पहिल्याच दिवशी ते सांगायला जीभ रेटली नाही. चूक माझी. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

काय केलं

त्या शनिवारी मी आणि सुजाताताई त्याच दुकानात गेलो. हे मी सहसा करत नाही, पण किमतीवर वाद घालण्यापेक्षा हँगर बघणं सोपं. पुरुषांचे फॉर्मल शर्ट 6 डॉलर 99 सेंट. हिरव्या टॅगवर त्या दिवशी अर्धी किंमत. सुजाताताईंनी शीटमध्ये शर्ट 18 ला धरले होते. लहान मुलांचे स्नोसूट मात्र 15 पर्यंत जात होते आणि त्यांनी ते 10 ला लावले होते. लोक फुगवतात हे खरं, पण कुठे फुगवायचं हेही चुकतं.

मागच्या दाराशी सामान घेणारा मुलगा बोलका निघाला. डिसेंबरचा सोफा आठवतो का, विचारलं. एका हातावर फाटलेला होता, तो त्यांनी दुकानात ठेवलाच नव्हता. जुना जाडा टीव्ही तर त्या दिवशीच परत पाठवला होता. तो मिलिंदनी घरी आणून गॅरेजमध्ये ठेवला आणि शीटमधून काढायचा राहिला.

पावत्या चार होत्या. दोन ठीक. एकीवर "4 पिशव्या, 2 खोकी" एवढंच आणि खाली गिचमिड सही. 14 डिसेंबरच्या पावतीवर तारीखच नव्हती. रिटर्न अजून भरलं नव्हतं, म्हणजे वेळ होती. सुजाताताईंनी दुकानात फोन केला, त्या दिवशीचा गाडीच्या डिकीचा फोनवरचा फोटो दाखवला आणि तारखेसह नवी पावती घेऊन आल्या. या प्रकरणात तिचा पुढे उपयोग झाला नाही, तरी ही सवय ठेवण्यासारखी.

मग भारतात नेलेले कपडे. मिलिंद दिवाळीत पुण्याला गेले तेव्हा दोन सुटकेसभर कपडे आणि ब्लँकेटं साताऱ्याकडच्या एका वसतिगृह शाळेला देऊन आले. 500 डॉलर. अमेरिकेच्या करात परदेशी संस्थेला थेट दिलेलं दान बसत नाही. कॅनडा, मेक्सिको, इस्रायलसाठी करारांनुसार मर्यादित सूट आहे, भारतासाठी नाही. मिलिंदच्या पुण्यातल्या चुलत भावाने सुचवलं, "मग पावती माझ्या नावाने घ्यायची होती, मी 80जी मध्ये लावली असती." 80जी म्हणजे भारताच्या 1961 च्या आयकर कायद्यातलं दानाच्या वजावटीचं कलम. तेही जमलं नसतं. 80जी ला पैसाच लागतो, वस्तू दिल्या तर वजावट नाही, असं त्या कलमातच लिहिलंय. पैशातही रोख 2,000 रुपयांच्या वर चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत असाल तर 80जी चा विषयच संपला. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या गूंजसारख्या संस्थेला कपडे दिले तरी हेच. कपडे गरजेच्या ठिकाणी पोचतात, तुमचा कर होता तेवढाच राहतो.

उरल्या साड्या.

ट्रंक त्यांनी माझ्या ऑफिसात आणली नाही, मीच घरी गेलो. झाकण उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. वर नऊ सुती आणि सिंथेटिक, रोजच्या. खाली तीन रेशमी. सगळ्यात तळाशी जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळलेल्या दोन पैठण्या, एक जांभळी, एक पोपटी. सुजाताताईंनी पोपटी डायनिंग टेबलावर उलगडली. पदरावरचे मोर शाबूत होते, पण घडीच्या रेषेवर रेशीम कागदासारखं चिरलं होतं. जरतार तिथे काळी पडलेली. बोट लावलं तर चीर आणखी अर्धा इंच पुढे गेली. त्यांनी घाईघाईने परत गुंडाळली.

शीटवर प्रत्येक साडीला 300 लावले होते. पैठणीलाही 300 आणि सिंथेटिकलाही 300. "सरासरी काढली," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "या दिल्या कधी?"

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मिलिंद म्हणाले, "31 तारखेला डिकीत ठेवली होती ट्रंक. दुकानापर्यंत गेलो. बाकी सगळं उतरवलं. ही परत आणली."

दानाची तारीख म्हणजे वस्तू संस्थेच्या हातात गेली तो दिवस. ट्रंक घरात होती, म्हणजे 2024 मध्ये साड्यांची वजावट शून्य. शीटमधली सगळ्यात मोठी ओळ एका प्रश्नात गेली, आणि मला वाटतं दोघांनाही थोडं हलकं वाटलं.

सगळं धरून खरे आकडे असे निघाले: कपडे 1,380, फर्निचर आणि स्वयंपाकघर 1,190, इलेक्ट्रॉनिक्स 140. एकूण 2,710. बाकीच्या 24,950 मध्ये मिळवले तर 27,660. स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा 1,540 कमी.

निष्पत्ती

2024 चं रिटर्न स्टँडर्ड डिडक्शन घेऊन गेलं. फॉर्म 8283 लावला नाही. एकेचाळीस पिशव्यांचा करात फायदा शून्य.

मिलिंदनी ते शांतपणे घेतलं. सुजाताताईंना राग आला, आणि तो रास्त होता. तीन रविवार त्यांनी शीटवर घालवले होते. "आमच्या आईकडे बोहारीण यायची," त्या म्हणाल्या, "चार साड्यांवर एक पातेलं द्यायची. निदान पातेलं तरी मिळायचं." मी हसत म्हटलं, बोहारणीचं पातेलं म्हणजे बदल्यात मिळालेली वस्तू, पत्रात लिहावी लागली असती. त्यांना तेव्हा काही हसू आलं नाही.

प्रकरण तिथे संपलं असतं. पण 4 जुलै 2025 ला नवा कर कायदा सही होऊन आला. 2025 पासूनच राज्य आणि स्थानिक करांवरची 10,000 ची मर्यादा 40,000 झाली. पाच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्यांसाठी ती कमी होत जाते, पण हे दोघं त्याच्या बरेच खाली. त्यांचे 19,700 आता पूर्ण धरता येत होते. व्याज 12,300, रोख देणग्या 2,150, बेरीज 34,150. त्या वर्षीचं स्टँडर्ड डिडक्शन 31,500. म्हणजे एकही वस्तू न देता ते आयटेमाइजमध्ये आले होते आणि वस्तूदानाचा प्रत्येक डॉलर पहिल्यापासून मोजला जाणार होता.

ऑगस्टमध्ये त्यांनी ट्रंक पुन्हा उघडली. जांभळी पैठणी मुलीने मागून घेतली. उरलेल्या बारा साड्या, पोपटी सोडून, दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका नोंदणीकृत संस्थेला दिल्या. ती संस्था साड्यांची विक्री भरवते. आयआरएसच्या संकेतस्थळावरच्या शोधयादीत तिचं नाव आधी बघून घेतलं.

किमतीचा प्रश्न इथे खरा रंगतदार होता. साध्या थ्रिफ्ट दुकानात साडी 'कापड' म्हणून टांगली गेली असती, आठ डॉलर. पण तशी वस्तू सर्वसाधारणपणे जिथे विकली जाते तो बाजार धरायचा असतो, आणि वापरलेल्या रेशमी साड्यांचा ऑनलाइन बाजार आहे. त्याच तऱ्हेच्या, तशाच अवस्थेतल्या विकल्या गेलेल्या साड्यांच्या किमती आम्ही स्क्रीनशॉट करून ठेवल्या. मागितलेल्या नव्हे, विकल्या गेलेल्या. तीन रेशमी प्रत्येकी 60, नऊ साध्या प्रत्येकी 10. एकूण 270. फेब्रुवारीत या बारांची शीटवरची किंमत 3,600 होती.

270 म्हणजे 250 च्या वर, म्हणून संस्थेचं पत्र घेतलं. त्याच सुमारास एक जेवणाचं टेबल आणि खुर्च्या गेल्या, 310. दोन्ही मिळून 580, म्हणजे 500 च्या वर, म्हणून फॉर्म 8283 चा पहिला भाग. त्यात वस्तू कशी मिळाली आणि मूळ किंमत काय, हे रकाने असतात. साड्यांपुढे 'वारसा' लिहिलं, तारीख आईंच्या निधनाची, आणि मूळ किंमत त्या दिवशीची बाजारभावाची. आईंनी लक्ष्मी रोडवर कधी काळी किती दिले ते कोणालाच माहीत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती.

या 580 मुळे वाचले 127 डॉलर 60 सेंट.

पोपटी पैठणीचं मी एकदाच विचारलं होतं. चांगल्या अवस्थेत नसलेल्या एकाच वस्तूची 500 च्या वर वजावट हवी असेल तर पात्र मूल्यांकन करून ती लावता येते, ही सवलत कायद्यात आहे. पण मूल्यांककाची फी वाचणाऱ्या करापेक्षा जास्त झाली असती. सुजाताताई म्हणाल्या, ती विकायची पण नाही आणि द्यायची पण नाही, तुम्ही विषय काढू नका.

पुन्हा करायचं झालं तर

माझ्यापासून सुरुवात करतो. पहिल्या भेटीत शीट बाजूला ठेवून आधी 24,950 आणि 29,200 हे दोन आकडे त्यांच्यापुढे मांडायला हवे होते. खड्डा 4,250 चा आहे, वापरलेल्या सामानाने तो भरणं अवघड, हे दहा मिनिटांत कळलं असतं. मी दुकानात गेलो, पावत्या तपासल्या, ट्रंक पाहिली आणि मग तो हिशेब केला. क्रम उलटा झाला. आता नवीन फाइल आली की मी कपड्यांच्या यादीकडे बघायच्या आधी घरकर्ज आणि प्रॉपर्टी टॅक्स विचारतो.

त्यांच्या बाजूने: 31 डिसेंबरची धावपळ. वर्ष संपायच्या आत द्यायलाच हवं, ही भीती आयटेमाइज करणाऱ्यांची. ते आयटेमाइज करत आहेत की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच पिशव्या काही आठवड्यांनी, जानेवारी 2025 मध्ये गेल्या असत्या तर 2,710 वर साधारण 596 डॉलर वाचले असते. डिसेंबरमध्ये नवा कायदा कोणाला दिसत नव्हता, तेव्हा यात त्यांना दोष देता येत नाही. पण "घाई का?" हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

थांबणं नेहमीच फायद्याचं नसतं, हेही लगेच सांगतो. 2026 पासून आयटेमाइज करणाऱ्यांच्या दानातून आधी एकूण उत्पन्नाचा अर्धा टक्का वजा होतो. या घराचं उत्पन्न 1,86,000 च्या आसपास, म्हणजे पहिले 930 डॉलर गेले. आणि आयटेमाइज न करणाऱ्या जोडप्यांना 2026 पासून 2,000 पर्यंतची जी नवी वजावट मिळते, ती फक्त पैशांच्या देणगीला आहे. व्हॉट्सॲपवर ती 'कपड्यांनाही मिळते' म्हणून फिरतेय, तसं नाही.

एक निर्णय मला अजूनही नीट सुटलेला वाटत नाही. दोन वर्षांच्या रोख देणग्या एकाच वर्षात देऊन त्या वर्षी आयटेमाइज करणं, ही सल्लागारांची आवडती युक्ती. मी 2024 मध्ये ती सुचवलीही असती, पण फेब्रुवारीत भेटलेल्या माणसाला मागच्या वर्षाची युक्ती सांगून उपयोग काय. मंडळाला दर दिवाळीला देणारी माणसं एक दिवाळी सोडतील असंही मला वाटत नाही. मिलिंदना विचारलं होतं. ते म्हणाले, "गणपतीच्या वर्गणीला तारखा लावू नका हो."

सुजाताताईंच्या फोनमध्ये आता एक अल्बम आहे: देण्याआधी पलंगावर पसरून काढलेले फोटो, तारखेसह, बाजूला पावती. शीटमध्ये 'किंमत' या रकान्याच्या आधी 'अवस्था' असा नवा रकाना आलाय. जुना जाडा टीव्ही अजून गॅरेजमध्येच आहे, महापालिकेच्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या दिवसाची वाट बघत.